हा लसणाचा चिमटा विकायला नाही

हात लावू नकोस. — त्याला नको. बाकी कशालाही लाव, ठोकून बघ, उचलून बघ, पण तो खिळ्यावरचा चिमटा तेवढा सोड. — नाही, विकायला नाही. कितीही दिलेस तरी नाही. मांडलेली वस्तू विकायची असते, पोरी, टांगलेली वस्तू बघायची असते. वर पाटी आहे ना? वाच. मोठ्यानं वाच, जन्मभर दगड फोडून मला कमी ऐकू येतं. — हां. ‘मनगटात जोर नाही त्यांच्यासाठी.’ अक्षर माझं आहे. शाळा माझी चार इयत्तांची, पण अक्षर बघ, एक रेघ वाकडी नाही. लोक हसतात. हसावं म्हणूनच टांगलंय. दर पाच दिवसांनी इथं बाजार भरतो, दर बाजाराला कोणी ना कोणी थांबतं, वाचतं, हसतं, आणि हसलेला माणूस मग एखादा खल उचलून बघतो. तू हसली नाहीस. का नाही हसलीस? — बरं. सोलहून आलीस वाटतं. कसं ओळखलं? बुटांवरून. उइसंगच्या बाजारात पांढरे बूट घालून कोण येतं?

लसूण चेपायचा चिमटाच हवा असेल तर समोर बांगचा गाळा आहे. प्लास्टिकची टोपली, प्लास्टिकची बादली — प्लास्टिकची सासू मागितलीस तरी मागच्या फळीवरून काढून देईल. चिमटे त्याच्याकडं सात प्रकारचे आहेत. मी मोजायला गेलो नव्हतो, इथूनच दिसतात. जा, मी कुणाला अडवत नाही. पण जायच्या आधी ऐक. बस त्या दगडावर. तो विकलेला आहे, पण तू बसल्यानं झिजणार नाही.

चिमट्यानं काय होतं, सांग? मी सांगतो. आमच्या लसणाची एकेक पाकळी अंगठ्याएवढी. चिमट्यात एक मावते, दुसरी बाहेर बसून वाट बघते, दवाखान्यात बसल्यासारखी. दाबलंस की निम्मी खाली, निम्मी भोकांत, आणि रस मनगटावरून थेट बाहीत. मग ती भोकं साफ करत बस. जेवढा वेळ लसणाला त्याच्या दुप्पट भोकांना. आणि चव? कुटलेला लसूण वेगळा आणि चेपलेला वेगळा. कुटलं की लसूण चिडतो. आमटीत पडला तरी त्याचा राग जात नाही, म्हणून तर नाकात झणका येतो. चेपलेला लसूण नुसता रडतो. — तसा तो सालासकट घातला तर थोडं बरं पडतं, साल आत राहतं, भोकं कमी भरतात, आणि दांडा उलटा फिरवला की त्या बाजूच्या बारीक खुंट्या भोकांत बरोब्बर बसून अडकलेलं बाहेर ढकलतात, राहिलेलं दातकोरणीनं काढायचं, गरम पाण्यात नाही, गार पाण्यात, गरम पाण्यानं ते चिकटतं — काय? — मला कसं ठाऊक? ऐकून. बाजारात बसलेल्या माणसाच्या कानावर सगळं पडतं. — हो, कमी ऐकू येतं. तरी पडतं.

हा खल बघ. हा घे, दोन हातांनी उचल. — नाही उचलत? बरोबर आहे, उचलायला केलेलाच नाही. घर हललं तरी खल हलत नाही. ह्याला टिचकी मार. नखानं नाही, बोटाच्या हाडानं. ऐकलंस? घंटा. चांगला दगड घंटेसारखा वाजतो. आत केसाएवढा जरी तडा असला तरी बद् वाजतो, भिजलेल्या लाकडासारखा. डोंगरातला दगड मी टिचकीनं निवडतो, डोळ्यानं नाही. पन्नास वर्षं झाली, एकदा चुकलो नाही. असा खल सात पिढ्या जातो. नवा नेलास की आधी मूठभर तांदूळ घालून कुटायचे, करडे झालेले फेकायचे, पुन्हा घालायचे, तांदूळ पांढरे राहिले की मग लसूण. आणि नियम एकच. लिहून घे हवं तर. खल रिकामा कुटायचा नाही. दगडावर दगड आपटायचा नाही. मध्ये लसूण हवा, आलं हवं, काहीतरी ओलं हवं. रिकामा खल कुटणारा माणूस आणि स्वतःच्या घराला आग लावणारा माणूस, दोघं एकाच अकलेचे.

ती अस्वलीची गोष्ट येते ना तुला? सोलच्या शाळेत शिकवतात का अजून? शिकवतात. मग सांग, अस्वल आणि वाघ दोघं गुहेत बसले, माणूस व्हायचं म्हणून. देवानं खायला काय दिलं? लसूण. वीस पाकळ्या आणि कडू पाला. शंभर दिवस उजेड बघायचा नाही. वाघ पळून गेला, अस्वली टिकली आणि बाई झाली, आपल्या सगळ्यांची आई झाली. आता मला सांग, तिच्याकडं चिमटा होता? — नव्हता! चावून खाल्ला बिचारीनं. चिमटा असता तर तिसऱ्या दिवशी भोकं साफ करताना कंटाळून वाघाच्या मागं निघून गेली असती, आणि आपण कोणीच नसतो, तू नाही, मी नाही, बांग नाही — बांग नसता तर चाललं असतं.

आणि आवाज. आवाजाचं काय? चिमट्याला आवाज नाही. ठक्, ठक्, ठक् — दिवेलागणीला गल्लीत आवाज आला की कळतं, ह्या घरी चूल पेटली, ह्या घरी माणसं आहेत, बाई जागेवर आहे. आवाज नाही आला तर शेजारी भिंतीवरून मान काढतात. आमच्या शेजारी येचॉनवाली आहे. येचॉनहून लग्न होऊन आली, साठ वर्षं झाली, अजून येचॉनवालीच. नवरा गेला, दात गेले, कान मात्र मांजराचे. सणाला, पौर्णिमेच्या, पोरगी तो चिमटा घेऊन आली आणि नऊ दिवस आमच्याकडं ठक् नाही की ठुक् नाही. दहाव्या दिवशी येचॉनवाली दारात हजर. ‘काय हो, घरात कुणी आजारी आहे का?’ खल घडवणाऱ्याच्या घरी! उइसंगमधले निम्मे खल ज्याच्या हातचे, त्याच्या घरी लसूण चिमट्यानं चेपतात! मी ऐकून घेऊ? लोहाराच्या घरात मातीचा विळा चालेल का?

— कोणती पोरगी म्हणजे? माझी. मि-ओक. देगूला असते. — हो, तोच हा चिमटा. दुसरा कुठून येणार? मी काय पैसे देऊन आणणार आहे?

तिनं आईला दिला होता. तू अशी बघू नकोस. घरात राहिलेली वस्तू घराची असते. मी उचलला आणि इथं आणून टांगला. बायको दोन दिवस शोधत होती, चमच्यांच्या डब्यात, चुलीमागं, भांड्यांच्या उतरंडीत. मी म्हटलं, उंदरानं नेला असेल. उंदीर लोखंड कधीपासून खायला लागला, असं विचारायला हवं होतं तिनं. विचारलं नाही. त्रेचाळीस वर्षांनी बाई प्रश्न विचारायची थांबली की समजावं — काय समजावं? काही नाही. मला काय ठाऊक.

तिसऱ्या दिवशी आवाज परत सुरू झाला. ठक्. ठक्. येचॉनवालीची मान भिंतीआड गेली. मला बरं वाटलं. ठोका जरा बदलला होता. लंगडा. एक ठोका जोरात, दुसरा घसरता, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मला वाटलं थंडी पडली, दगड गार झाला. थंडीत दगडाचा आवाज बदलतो, ते खरं आहे, मी खोटं सांगत नाही. जेवताना बघितलं तर चमचा डाव्या हातात. म्हटलं, म्हातारपणी ही काय नवी हौस! — उजव्या मनगटाला पट्टा होता. डॉक्टरनं दिलेला. पट्टा मला दिसत होता, आंधळा नाही मी. पण पट्टा कुणाला नसतो? माझ्या कमरेला आहे, येचॉनवालीच्या गुडघ्याला आहे, बांगच्या तर मानेला आहे आणि तो आयुष्यात बादलीपेक्षा जड काही उचलत नाही. दगडातला केसाएवढा तडा मला टिचकीत कळतो. पन्नास वर्षं चुकलो नाही, म्हटलं ना मघाशी. —

पाणी आहे का तुझ्याकडं? दे. धूळ बसते घशात.

काय विचारलंस? बायको कुठं आहे? घरी. — घरी म्हणजे घरीच. पोरीचं घर ते घर नव्हे का? देगूला आहे. हवापालट. चार बाजार झाले. — वीस दिवस, हो, तुम्ही शहरातली माणसं दिवस मोजता, आम्ही बाजार मोजतो. चार बाजारांपूर्वी दुपारी माझा डबा घेऊन आली. तू उभी होतीस तिथंच उभी राहिली. समोर गर्दी होती, चार गिऱ्हाइकं होती, मी चिमटा हातात घेऊन नक्कल करत होतो. लोकांना ती आवडते, मी असा मनगट ढिलं करून, असा बारीक आवाज काढून — नाही, आता नाही करणार. लोक हसत होते. तिनं डबा दगडावर ठेवला. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मला वाटलं, तिला वाचायला वेळ लागतो. मग हळूच म्हणाली, ‘तो काढा.’ चार माणसांदेखत! मी म्हटलं, बाजार उठल्यावर बघू. दुसरं काय म्हणणार होतो? चार माणसांदेखत नवरा खिळ्यापर्यंत हात नेईल? ती म्हणाली — आणि ओरडून नाही हं, मीठ संपलंय असं सांगावं तशी म्हणाली — ‘अस्वलीची शंभर दिवसांत सुटका झाली. मला त्रेचाळीस वर्षं झाली, मी अजून गुहेतच बसलेय.’ आणि समोरून देगूची बस जात होती, तिला हात केला. पट्टा बांधलेलाच हात. बस थांबली. ही बस कधी कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी थांबली.

लोक अजून हसतच होते. त्यांना वाटलं, हाही नकलेतलाच भाग.

आणि मी काही वाईट वागलो नाही. फोन केला. दुसऱ्याच दिवशी केला. तिचा फोन पोरगी उचलते, ‘आई आंघोळ करतेय.’ परवा केला, आंघोळ. काल केला, आंघोळ. वीस दिवस आंघोळ करायला ती काय मासा आहे? निरोप मात्र पाठवला तिनं, पोरीकडून. ‘चिमटा त्याच्या जागी गेला की मी माझ्या जागी येईन.’ अट! मला! मी म्हटलं, तुझ्या आईला सांग, किमची घालायच्या दिवशी साठ गड्डे कोबीच्या लोणच्याचा लसूण त्या चिमट्यानं चेपत बस, पुढच्या पौर्णिमेपर्यंत होईल. तर पोरगी म्हणाली, ‘बाबा, आई काय म्हणते सांगू का? किमचीला सगळ्या जावा येतात, आठ हात असतात, तेव्हा खल हवाच, तिचं काही म्हणणं नाही. तिला चिमटा हवाय तो रोजच्या दोन पाकळ्यांसाठी.’ दोन पाकळ्या. म्हणे, तो खल बारा माणसांच्या घरासाठी घडवलेला. तेव्हा होतो आम्ही बारा. आई, बाप, चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं. आता दोघं आहोत. दोघांच्या आमटीला दोन पाकळ्या. दोन पाकळ्यांसाठी ती रोज जमिनीवर उकिडवी बसते आणि मुठीएवढा दगडी बत्ता उचलते, दुखऱ्या हातानं. — मी फोन ठेवला. उत्तर नव्हतं म्हणून नाही. उत्तर होतं. आठवलं की सांगेन तुला.

वास? कसला वास? — चिमट्याला? लसणाचा चिमटा आहे, लसणाचाच येणार, केवड्याचा येईल का? — ताजा? — नाक चांगलं आहे तुझं. एवढं नाक घेऊन सोलमध्ये कशाला राहतेस, पोलिसात जा. — बरं, हो. काल संध्याकाळचा आहे. एकटा माणूस किती दिवस खानावळीत जेवणार? आणि खानावळवाली रोज विचारते, ‘आज पण वहिनी नाहीत?’ म्हणून मीच करतो आमटी. आमची आजी म्हणायची, पुरुष स्वयंपाकघरात शिरला की त्याचं — जाऊ दे, काय गळून पडतं ते तुला कशाला सांगू. काही गळालं नाही एवढं सांगतो. संध्याकाळी चिमटा खिळ्यावरून काढतो, खिशात घालून घरी नेतो, बाजाराच्या दिवशी सकाळी पुन्हा आणून टांगतो, बांगनं गाळा उघडायच्या आत. चव? — वाईट नाही. घाईची चव आहे. पण वाईट नाही. दोन पाकळ्यांना… दोन पाकळ्यांना पुरतो तो. एवढंच म्हणेन, आणि हे तू कुणाला सांगायचं नाहीस.

पण आवाजाचं काय केलं, हे नाही विचारलंस. तिथं माझी अक्कल चालली. चिमट्याला आवाज नाही, आणि येचॉनवालीचे कान भिंतीला. बायको गेली हे गावाला कळलं तर? खल विकत कोण घेईल माझ्याकडून? म्हणतील, ह्याच्या खलापायी ह्याची बायको पळाली. मग रोज दिवेलागणीला मी दार लावून घ्यायचो, खलाशी बसायचो आणि कुटायचो. ठक्, ठक्, ठक्. एकसारखं. आधी दोन दिवस लसूण घातला, पण एवढा लसूण खाणार कोण? — हो. रिकामा. — हो, मीच सांगितला तो नियम, मला माहीत आहे, माझ्याच नियमाचा आधार घेऊन मला बोलू नकोस. तो खल मी लग्नात घडवला होता. बावीस वर्षांचा होतो. आठ महिने डोंगरात दगड शोधला. तिच्या माहेरून पेटी आली, रजया आल्या, आणि आमच्याकडून तो खल. अंगणात ठेवला आणि टिचकी मारली तर अख्ख्या वऱ्हाडानं मान वळवली. सतरा दिवस रिकामा कुटला. अठराव्या दिवशी बद् वाजला.

तळाला. ह्या टोकापासून इथपर्यंत. दिसत नाही. मला दिसतो.

आणि मला वाटत होतं, गाव फसलं. परवा येचॉनवाली भिंतीवरून म्हणते, ‘काय हो, वहिनी हल्ली फार जोर लावून कुटतात!’ मी म्हटलं, हो, बरी आहे तब्येत तिची. म्हातारी हसली. एकही दात नाही, तरी काय हसली! तेव्हा कळलं नाही मला कशाला हसली ते. साठ वर्षं कुटलंय त्या बाईनं. रिकाम्या खलाचा आवाज तिला कळणार नाही?

आता उद्या सकाळी आठला तीन भावजया येणार आहेत. हिवाळ्याची किमची. दरवर्षी ह्याच आठवड्यात, बायको तारीख सांगते, सगळ्या येतात. ह्या वर्षी तारीख मी सांगितली. नसती सांगितली तर विचारलं असतं, का नाही सांगितली. आज पहाटे उठून साठ गड्डे कोबी मिठात घातला. एकट्यानं. मीठ म्हणजे काय, आपलं मीठ, टाकलं. आता मिठातला कोबी काही माणसाच्या मर्जीनं थांबत नाही. आज रात्रीत धुऊन उपसला नाही तर उद्या त्याची चामडी होते. आणि उद्या त्या तिघी येतील, हातमोजे घालतील, आणि धाकटी विचारेल, ‘मोठ्या वहिनी कुठंयत?’ काय सांगू? आंघोळ करतेय?

नवा खल घरी का नेत नाही म्हणजे? अकरा आहेत दुकानात, तेच ना? नेतो, आणि बाजारभर मिरवतो, की बघा रे, सात पिढ्यांच्या खलाला त्रेचाळीस वर्षांत तडा गेला.

काय म्हणालीस? — फोन? तुझ्या फोनवरून? — नंबर अनोळखी असेल तर उचलेल? — हो, उचलेल. अनोळखी नंबर ती नेहमी उचलते. ओळखीचा उचलत नाही. — नको. राहू दे. मी काय बोलणार? — तू बोल आधी. बाईचा आवाज ऐकून ठेवणार तरी नाही. नंबर सांगतो, लिही. कागद लागत नाही, पाठ आहे. — लागला? वाजतोय? ठेव, ठेव, कामात असेल, जेवणाची वेळ — उचलला? काय म्हणतेय? ‘कोण’ विचारतेय? सांग, गिऱ्हाईक म्हणून. — कुणाचं म्हणजे, माझं. नाव सांग. फ्यो मान-सोक, खलवाला. — थांब, चिमट्याचं काही बोलू नकोस हं — अगं, बोललीस! अक्कल आहे का? — तो ताज्या वासाचा पण सांगितलास! दे. दे इकडं तो.

— मी.

— मीच. — जेवलो. — हो, तिचाच फोन. चांगली आहे, जास्त बोलत नाही. — हो, नेतो घरी. रोज नेतो. — दोन. दोनच पाकळ्या. — सालासकट. — गार पाण्यानं, माहीत आहे मला. — उतरवला. आत्ता. हातात आहे. — पाटी? — पाटी पण. — (पोरी, ती पाटी काढ, लवकर, हात पोचतो का तुझा? ओढ, तार तुटू दे.) — पाटी पण उतरवली म्हटलं ना. — कसला आवाज? तार तुटली. — आत्ता तुटली. हो. आत्ताच उतरवली. — हो, चार माणसांदेखत. बांग बघतोय ना समोरून, तोंड उघडं टाकून. बघू दे.

— कोण कुटत होतं? कुठं काय कुटत — कोण म्हणालं? येचॉनवाली? तिनं तुला फोन केला? कधी? — पहिल्याच दिवशी? — आणि रोज? तुला भिंतीपलीकडून ऐकवत होती? फोन धरून? — हसतेयस तू. — हस.

— फुटला. — हो. तोच. — तळाला. बद् वाजतो.

— ऐकतोय.

— कोबी? घातला मिठात. साठ. पहाटे. — उलटे? उलटे करायचे असतात मध्येच? — तू कधी सांगितलंस मला? — हो. मी कधी विचारलं. हो. — मीठ? तीन पोती. — ओरडू नकोस, परक्या माणसाचा फोन आहे. — हो. — हो. — धुऊ नको? बरं, हात नाही लावत. — हो, जातो, आत्ता जातो, दुकान बंद करतो. — अडीचची? थांब्यावर येऊ? — बरं, नाही येत. — बरं, येतो.

ठेवला.

घे तुझा फोन. पुसून घे, धूळ लागलीय. — येतेय. कोबीसाठी येतेय म्हणाली, माझ्यासाठी नाही. साठ गड्ड्यांचं वाटोळं तिला बघवत नाही, मी काय, मी एकच आहे. — नको, आभार वगैरे कसले, मी काही आभार मानले नाहीत. ऊठ. ऊठ त्या दगडावरून, मला ताडपत्री घालायची आहे. बाजार उठायच्या आत गाळा बंद करतोय, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. बघ, बांग उभाच राहिला.

आणि तू काय, अजून त्या खलाकडं बघतेयस? घरी माणसं किती तुमच्या? — दोघं? — मग कशाला हवाय खल? जा समोर. वरच्या फळीवर डावीकडून तिसरा, दांडा लांब आहे तो घे, बाकीचे वाकतात. आणि मी पाठवलं म्हणून सांगू नकोस. जा.